धावणारा कुत्रा आणि दारातील साखळी

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर, माहुली येथे, राजघराण्याशी निगडित अनेक समाध्या आहेत. त्यांतील एक समाधी कुत्र्याची आहे. छत्रपती शाहू महाराजांचा हा कुत्रा खंड्या या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला आहे. शिकारीच्या प्रसंगी वाघाची चाहूल लागताच त्याने धन्याला सावध केले आणि कृतज्ञ धन्याने त्याला पालखीचा मान दिला, असे परंपरा सांगते. या कथेतील इतिहास किती आणि दंतकथा किती, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. परंतु राज्याचा व्याप सांभाळणाऱ्या पुरुषाला कुत्र्याचे ऋण मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही, एवढा बोध त्या दगडातून कोणालाही घेता येतो.

त्याच सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आज नव्या बंगल्यांच्या फाटकाशी वेगळे दृश्य दिसते. निमुळते तोंड, उंच पाय, खोल छाती आणि आत ओढलेले पोट असलेला एखादा कुत्रा हातभर साखळीने बांधलेला असतो. येणारे-जाणारे त्याच्या रूपाची वाखाणणी करतात. धनीही कौतुकाने त्याचा वेग सांगतो. मात्र तो वेग त्या कुत्र्याने शेवटचा केव्हा वापरला, असा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रथमच असा कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या गृहस्थाने नेमका हाच प्रश्न खरेदीच्या आधी स्वतःस विचारावयास हवा.

अलीकडे शहरी तरुणांत व्हिपेट या विलायती जातीचे नाव ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील खाणकामगारांनी आणि गिरणी कामगारांनी ही जात जोपासली. मोठा ग्रेहाऊंड पोसणे परवडत नसे. म्हणून त्याच्याच धाटणीचा लहान, कमी खाणारा, चाळीत राहू शकणारा आणि सुटीच्या दिवशी शर्यतीत धावणारा कुत्रा त्यांनी घडविला. इंग्लंडच्या केनेल क्लबने १८९१ मध्ये या जातीला मान्यता दिली. खांद्याशी सुमारे ४७ ते ५१ सेंटिमीटर उंचीचा हा नर ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. घरात तो शांत असतो, फारसा भुंकत नाही आणि दिवसाचा बराच काळ झोपून काढतो. जागा लहान आणि मिळकत बेताची असलेल्या कुटुंबाला हे वर्णन मोहक वाटावे, यात नवल नाही.

परंतु ज्याला या बांध्याच्या कुत्र्याचे आकर्षण आहे, त्याने साहेबाच्या देशाकडे पाहण्यापूर्वी जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांकडे पाहावे. तेथील माळरानांवर कारवानी नावाने ओळखला जाणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे. पश्चिम व मध्य आशियातील व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज दख्खनेत आले असावेत, असे मानले जाते. नावही त्यावरूनच पडले. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे घोरपडे संस्थानिकांनी या वंशाला आश्रय दिला, म्हणून तो मुधोळ हाउंड या नावानेही प्रसिद्ध झाला. मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिल्याची हकीगत सांगितली जाते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळचा समावेश होता. भारतीय सैन्याने मीरत येथील आपल्या केंद्रात त्याला प्रशिक्षण देऊन पाहिले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी जातींचा उल्लेख केला, तेव्हा त्यातही मुधोळचे नाव होते.

हा गौरव रास्त असला, तरी गौरवाने कुत्र्याचे पोट भरत नाही आणि त्याचे पायही मोकळे होत नाहीत. उलट, प्रसिद्धीच्या प्रत्येक लाटेबरोबर पिल्लांची मागणी वाढते आणि मागणीबरोबर अजाण धन्यांची संख्याही. कारवानी कुत्रा व्हिपेटहून बराच मोठा, खांद्याशी सुमारे ७० सेंटिमीटर उंच आणि वजनाला साधारणपणे दुप्पट भरतो. परक्या माणसाशी तो राखून वागतो आणि अंगाला हात लावू देण्यास सहसा राजी नसतो. व्हिपेटचे वर्णन वाचून कारवानी आणणाऱ्याची आणि कारवानीच्या भरवशावर नाजूक व्हिपेट माळावर सोडणाऱ्याची, दोघांचीही फसगत ठरलेली आहे.

या दोन्ही जातींचे मूळ एक गुणसूत्र मात्र समान आहे. सामान्य शिकारी कुत्रा वास घेत जातो. हे कुत्रे नजरेने शिकार करतात. दूर काही हालले की कान टवकारतात आणि क्षणार्धात देह बाणासारखा सुटतो. त्या क्षणी धन्याची हाक कानावर पडते. मनापर्यंत पोहोचत नाही. यात कुत्र्याचा उर्मटपणा नाही. शेकडो वर्षे माणसाने अशाच कुत्र्यांना वंशवृद्धीसाठी निवडले, जे आज्ञेची वाट पाहत थांबत नसत. ताशी ५५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. धनी नाव उच्चारून पूर्ण करीपर्यंत कुत्रा रस्त्याच्या पलीकडे गेलेला असतो. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा आणि कऱ्हाड येथून जातो, हे या हिशेबात विसरता कामा नये. म्हणून पहिला नियम असा की, चारही बाजूंनी पक्के कुंपण असल्याखेरीज हा कुत्रा उघड्यावर सोडू नये, आणि कुंपणही माणसाच्या छातीहून उंच असावे. रस्त्यावर तो नेहमी पट्ट्यानेच न्यावा. या कुत्र्यांचे डोके मानेहून फार रुंद नसते; साधा गळपट्टा ते मागे सरकून सहज काढून टाकतात. त्यांच्यासाठी रुंद आणि ओढ बसताच मर्यादेपर्यंत आवळणारा पट्टा वापरणे श्रेयस्कर.

येथे एक मोठा पेच आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या कामासाठी हा प्राणी घडविला गेला, ते काम आता उरलेले नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्या कायद्यानुसार माळावरच्या सशामागे कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे, मग तो हौसेने सोडलेला असो वा भाकरीबरोबरच्या कोरड्यासासाठी. कायदा योग्यच आहे; माळराने आक्रसत असताना ससे आणि हरणे यांना कुत्र्यांच्या तोंडी देणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. परंतु शिकार थांबली म्हणून कुत्र्याच्या रक्तातील धाव थांबली नाही. तिला वाट कोणती द्यावयाची, याचा विचार फारसा झाला नाही. परिणामी एकीकडे पैजेच्या शर्यती आणि दुसरीकडे फाटकाची साखळी, एवढेच दोन पर्याय पुष्कळ कुत्र्यांच्या वाट्याला आले.

शर्यतींचे समर्थक परंपरेचा दाखला देतात. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली, असेही ते सांगतात. तो निकाल राज्यांनी बैल व रेडे यांच्या खेळांपुरत्या केलेल्या कायदा दुरुस्त्यांविषयीचा होता. कुत्र्यांना त्यात स्थान नाही. शिवाय पैजेसाठी पाळलेल्या कुत्र्याची किंमत त्याच्या पायांएवढीच असते. पाय दुखावला की किंमत संपते आणि असा कुत्रा गावाबाहेर सोडून देण्याचा मोह होतो. प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याने या वाटेस जाऊ नये.

साखळीची वाटही निर्दोष नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार मोजले आहेत. नेहमी साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही त्यातील एक प्रकार आहे, हे सुशिक्षितांपैकीही थोड्यांना ठाऊक असते. अर्थात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! इतक्या दंडाच्या धाकाने कोणी सुधारेल अशी अपेक्षा व्यर्थ आहे. सुधारणा व्हावयाची तर ती धन्याच्या समजुतीतूनच व्हावयास हवी.

ती समजूत घरापासून सुरू होते. कुत्रा कोणासाठी आणावयाचा, याहून कुत्र्याचे कोण करणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हे कुत्रे सामान्यतः बारा ते चौदा वर्षे जगतात. आठवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेले पिल्लू तो मुलगा पदवीधर होऊन पुण्याला नोकरीस लागला, तरी दारात असते. आणि तोपर्यंत त्याचे सारे मुलाच्या आईच्या अंगावर पडलेले असते. शिक्षक आणि कारकून यांच्या घरी आणखी एक गोष्ट आधीच विचारात घ्यावी लागते, ती बदली. कऱ्हाडच्या स्वतःच्या घरात सुखाने वाढलेला कुत्रा जतच्या भाड्याच्या दोन खोल्यांत कसा राहील आणि घरमालक त्याला राहू देईल काय, याचे उत्तर बदलीच्या आदेशाबरोबर शोधू लागणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. परसात कोंबड्या असतील, घरात मांजर असेल, तर नजरेने शिकार करणारा कुत्रा आणण्यापूर्वी दुप्पट विचार करावा. पिल्लूपणापासून एकत्र वाढलेल्या मांजराशी त्याचे जमू शकते. शेजाऱ्याच्या पळणाऱ्या मांजराविषयी मात्र अशी हमी कोणी देऊ नये.

या कुत्र्याच्या शरीराविषयी सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या किडकिडीतपणाचा. पाहुणे येतात आणि म्हणतात, "अहो, याला उपाशी ठेवता की काय?" धनी संकोचतो, भाकरीचा आणखी एक तुकडा टाकतो आणि वर्षभरात कुत्रा जड होतो. वास्तविक निरोगी अवस्थेतही या जातींच्या शेवटच्या काही बरगड्या आणि कमरेची हाडे दिसतात. वजन वाढले की धावताना त्याचे सांधे आणि लांब, बारीक हाडे यांवर भार येतो. अर्थात याच समजाचा आडोसा घेऊन खरोखर अर्धपोटी ठेवणारेही असतात. पाठीचा कणा दातेरी दिसू लागला, मांडीचे स्नायू झडले, केस निस्तेज झाले, तर ते सौष्ठव नव्हे, ती उपासमार आहे. नुसत्या भाकरी-ताकावर हा कुत्रा टिकतो, पण भरत नाही. अंडी, मांस किंवा तत्सम प्रथिने आहारात हवीत. छाती खोल असल्यामुळे पोट भरल्यानंतर लगेच त्याला धावावयास लावू नये. पोट फुगून पिळा पडण्याचा आणि जीव जाण्याचा धोका असतो. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, म्हणून तीही देऊ नयेत.

सांगली जिल्ह्यापुरती आणखी एक सूचना अगत्याची आहे. तासगाव परिसरातील द्राक्षे आणि बेदाणे यांची कीर्ती सर्वदूर आहे. घरोघरी बेदाण्याची पुडी असते आणि लाडाने चार बेदाणे कुत्र्यापुढे टाकले जातात. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्याने अपाय होईल, हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असते. तेव्हा एकही देऊ नये हेच शहाणपण. कांदा, लसूण आणि चॉकलेट यांनाही हाच निर्बंध लागू आहे.

अंगावर चरबी थोडी, केस आखूड आणि कातडी पातळ, म्हणून साताऱ्याच्या डिसेंबरातील पहाटेचा गारठा या कुत्र्यांना बाधतो, विशेषतः व्हिपेटला. फरशीवर न निजवता जुनी गोधडी वा घोंगडी द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचे डांबरी रस्ते तापलेले असतात. फिरणे सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडताना उरकावे. तारेच्या कुंपणाने किंवा बाभळीच्या काट्याने इतर कुत्र्याला ओरखडा पडेल, तेथे यांची कातडी फाटते. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास हा कुत्रा कोणत्या गटातील आहे, हे पशुवैद्यास आवर्जून सांगावे. थायोपेंटोनसारख्या भुलीच्या काही औषधांचा अंमल या गटातील कुत्र्यांवरून फार सावकाश उतरतो, आणि अशा माहितीअभावी धोका संभवतो. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. कुत्रा आजारी पडेपर्यंत त्यांची पायरी न चढणे, ही आपल्याकडील जुनी खोड आहे.

लसीकरणाबाबत तर हयगय नकोच. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरील लसी, त्यांच्या ठरावीक मात्रा, जंतांचे औषध आणि तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस, एवढे किमान कर्तव्य आहे. रेबीजची लस पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमाने द्यावी. गोचिडांपासून होणारे ताप या पट्ट्यात नेहमीचे आहेत. रोज संध्याकाळी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. चुना-हळद लावून घरी बसू नये.

शिकविण्याच्या बाबतीत या जातींची प्रकृती हळवी आहे. छडी उगारली की हा कुत्रा सुधारत नाही, मिटतो. आणि एकदा धन्याच्या हाताची भीती बसली की हाक मारल्यावर जवळ येणेच सोडून देतो. वर्गातील बुजऱ्या मुलाला ज्या शिक्षकाने कधी बोलते केले असेल, त्याला येथे निराळे शास्त्र शिकण्याची गरज नाही. थोडा वेळ, रोज एकाच प्रकारची खूण, जवळ आल्यावर खाऊ आणि शाबासकी, एवढ्यावर पुष्कळ साधते. धावण्यासाठी मात्र सोय केलीच पाहिजे. एखाद्या शाळेच्या कुंपण घातलेल्या मैदानाची रीतसर परवानगी घेऊन, मुले नसताना, आठवड्यातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे कुत्रा मोकळा सोडता आला, दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पळविता आला, तर त्याच्या रक्तातील शिकार कोणाचाही जीव न घेता पुरी होते. उसाच्या फडालगत त्याला सोडणे किंवा रात्री अंगणात बांधणे टाळावे. कऱ्हाड, पाटण, शिराळा या भागांत बिबट्याचा वावर आहे, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला होता. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही.

पिल्लू कोठून घ्यावे, याचेही काही संकेत आहेत. श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पिल्लाची आई पाहावयास मागावी. ती दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे दार सोडावे. शर्यतींच्या हौसेने कारवानीत ग्रेहाऊंडचा संकर या भागात झाला आहे. लांब तोंडाचे कोणतेही पिल्लू कारवानी किंवा व्हिपेट म्हणून खपविणे अवघड नाही, हे ध्यानात ठेवावे.

यावर असा आक्षेप येईल की, एवढी बंधने सांगितल्यावर सामान्य माणसाने कुत्रा पाळावा तरी कसा? मेंढपाळाच्या कुत्र्याला कोण गोधडी देतो आणि कोण अंडी घालतो? आक्षेपात तथ्य आहे. पण मेंढपाळाचा कुत्रा दिवसभर धन्याबरोबर मैलोन्‌मैल चालतो, त्याला काम असते, सोबत असते. बंगल्यातील कुत्र्याकडून हे सारे काढून घेतले आहे. त्याची भरपाई करणे हे धन्याचे देणे आहे, उपकार नव्हे. ज्याला हे देणे झेपत नाही, त्याने गल्लीतील एखादे देशी पिल्लू घरी आणावे. ते थोड्या जागेत रमते, येथील हवापाण्याला सरावलेले असते आणि माया करण्यात कोणत्याही वंशावळीच्या कुत्र्याला हार जात नाही. ज्याला तेवढेही झेपत नसेल, त्याने तूर्त कुत्रा आणू नये. कुत्र्याची आवड असूनही तो न आणण्याचा निर्णय घेणारा गृहस्थ प्राण्यांचा शत्रू नसतो. दोन वर्षांनी पोत्यात घालून घाटात सोडून येणाऱ्यापेक्षा त्याचे प्रेम अधिक खरे असते.

खंड्याला मिळालेली पालखी आजच्या कुत्र्याला कोणी मागत नाही. परंपरेवर विश्वास ठेवावयाचा तर वाघ आला तेव्हा तो कुत्रा महाराजांच्या जवळ होता, मोकळा होता आणि त्याचे भुंकणे ऐकणारा धनी हजर होता. तीन शतकांनंतर सातारा-सांगलीच्या एखाद्या घरी नव्याने येणाऱ्या पिल्लाला या तीन गोष्टी मिळणार असतील, तर त्याचे अवश्य स्वागत व्हावे. मिळणार नसतील, तर साखळी विकत घेण्यापूर्वीच थांबावे.